एक किलोचा उपग्रह कुणाच्या खर्चाने उडतो?

२२ जून २०१६ च्या सकाळी श्रीहरिकोटाहून पीएसएलव्ही-सी३४ उडाले तेव्हा त्यात २० उपग्रह होते. मुख्य मान कार्टोसॅट-२ मालिकेतल्या उपग्रहाचा. बाकी अमेरिका, कॅनडा, जर्मनी, इंडोनेशिया या देशांचे, आणि दोन भारतीय विद्यार्थ्यांचे. त्यांतला एक चेन्नईच्या सत्यभामा विद्यापीठाचा आणि दुसरा पुण्याचा ‘स्वयम्’. प्रत्येक बाजू १० सेंटीमीटर, वजन ९९० ग्रॅम. तो बांधला होता पुण्याच्या कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगच्या, म्हणजे सीओईपीच्या, पदवीच्या मुलामुलींनी. कामाला सुरुवात झाली होती २००८ मध्ये. पदवी चार वर्षांची आणि प्रकल्प आठ वर्षांचा. ज्यांनी पहिला आराखडा काढला ते उड्डाणाच्या दिवशी कधीचेच नोकरीला लागलेले होते.

या डबीएवढ्या उपग्रहातली एक युक्ती जवळून पाहण्यासारखी आहे. रॉकेटमधून सुटलेला छोटा उपग्रह गरगर फिरत राहतो. फिरत राहिला तर त्याचा अँटेना जमिनीकडे ठरलेल्या दिशेने राहत नाही आणि संदेश हरवतात. मोठ्या उपग्रहात हे फिरणे थांबवायला फिरती चाके, छोटे थ्रस्टर आणि त्यांना चालवणारा संगणक असतो. एवढ्याशा घनात ना तेवढी जागा, ना तेवढी वीज. म्हणून ‘स्वयम्’मध्ये विजेशिवाय चालणारी व्यवस्था केली. आत एक कायम चुंबक बसवला, जो होकायंत्राच्या सुईप्रमाणे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळून राहतो. सोबत खास मिश्रधातूच्या बारीक कांड्या बसवल्या. उपग्रह फिरला की या कांड्यांचे चुंबकत्व उलटसुलट होते, त्यात फिरण्याची ऊर्जा थोडी थोडी उष्णता होऊन खर्च होते आणि काही काळात उपग्रह शांत होतो. हौशी रेडिओवाल्यांचे, म्हणजे हॅम मंडळींचे, छोटे संदेश एका ठिकाणाहून दुसरीकडे पोचवणे हे त्याचे काम.

अशा उपग्रहाच्या खर्चाचा हिशोब मांडायला बसले की लक्षात येते, की सगळ्यांत महाग बाबी विद्यार्थ्यांच्या हिशोबवहीत उतरतच नाहीत. सोलर सेल, बॅटरी, सर्किट बोर्ड, रेडिओचे भाग, अ‍ॅल्युमिनियमची चौकट हे सगळे वहीत लिहिता येते. प्रक्षेपण मात्र त्यात नसते, कारण विद्यार्थ्यांच्या उपग्रहांसाठी इस्रोने ते विनामूल्य दिले. चाचण्याही नसतात, कारण त्यासाठीची यंत्रे इस्रोची. आणि अनुभवी अभियंत्यांनी तासन्‌तास बसून केलेली तपासणी तर कुठल्याच वहीत सापडत नाही. विद्यापीठांतल्या अवकाश संशोधनाला मिळणारी मदत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मंजूर झालेल्या रकमेचा आकडा येतो. पण भारतात या मदतीचा मोठा हिस्सा रोख स्वरूपात आलेलाच नाही, आणि शिक्षण म्हणून पाहिले तर तोच हिस्सा अधिक मोलाचा ठरला, असे मला ठामपणे वाटते.

चाचण्यांचेच पाहा. उडताना रॉकेट थरथरते, म्हणून उपग्रह कंपन-टेबलावर बसवून तिन्ही अक्षांत हलवला जातो. ढिला स्क्रू, नीट न बसलेला कनेक्टर, कच्चे सोल्डरिंग इथे उघडे पडते. त्यानंतर थर्मोव्हॅक. हवा काढून घेतलेल्या बंद कक्षात उपग्रह ठेवायचा आणि तापमान आळीपाळीने चढवायचे-उतरवायचे. प्रयोगशाळेच्या टेबलावर कोमट राहणारी चिप या कक्षात तापून बंद पडू शकते, कारण तिची उष्णता वाहून न्यायला तिथे हवाच नसते. साध्या डिंकातून निर्वातात वाफा सुटतात आणि त्या सोलर सेलवर जाऊन बसतात. हे सगळे पुस्तकात असते, परीक्षेत लिहिलेलेही असते. पण आपण जोडलेला सर्किट बोर्ड त्या कक्षात चार तासांनी गप्प होतो तेव्हा ते खऱ्या अर्थाने कळते. इतकी महागडी यंत्रे प्रत्येक महाविद्यालयाने उभी करावीत ही अपेक्षा चुकीची आहे, आणि त्याची गरजही नाही. ती आहेत तिथे विद्यार्थ्यांना प्रवेश मिळाला म्हणजे झाले.

यातला तपासणीचा, म्हणजे रिव्ह्यूचा, भाग सर्वांत कष्टाचा असतो. प्राथमिक आराखड्याचा रिव्ह्यू, मग सखोल आराखड्याचा, शेवटी उड्डाणाआधीचा. समोर बसलेले अभियंते ‘छान केलेत’ म्हणायला आलेले नसतात. उपग्रह रॉकेटमधून सुटेपर्यंत बॅटरीचा संबंध पूर्ण तुटलेला राहील याची खात्री काय? तो स्विच अडकला तर दुसरा आहे का? तुमच्या चुकीने शेजारच्या कोट्यवधींच्या उपग्रहाला काही होणार नाही हे कसे दाखवाल? विसाव्या वर्षी अशा प्रश्नांना लेखी, आकड्यांनिशी उत्तर द्यावे लागणे हे फार मोठे प्रशिक्षण आहे. ‘स्वयम्’नंतर तीनच महिन्यांनी, २६ सप्टेंबर २०१६ रोजी, पीएसएलव्ही-सी३५ मधून गेलेल्या आयआयटी मुंबईच्या ‘प्रथम’चीही वाट हीच होती. २००७ मध्ये एअरोस्पेस विभागातल्या दोन विद्यार्थ्यांच्या डोक्यात कल्पना आली, २००९ मध्ये इस्रोशी करार झाला आणि सुमारे १० किलोंचा तो उपग्रह २०१६ मध्ये उडाला.

‘प्रथम’चे वैज्ञानिक काम मोठे देखणे होते. पृथ्वीभोवतीच्या आयनांबरात सुटे इलेक्ट्रॉन असतात. त्यांच्यामधून रेडिओ लहर गेली की तिच्या कंपनाचे प्रतल थोडे वळते. किती वळते ते वाटेत भेटलेल्या इलेक्ट्रॉनांच्या संख्येवर आणि लहरीच्या कंप्रतेवर अवलंबून. उपग्रहाने दोन वेगळ्या कंप्रतांच्या लहरी खाली पाठवायच्या, जमिनीवर त्यांच्या वळण्यातला फरक मोजायचा आणि त्यावरून इलेक्ट्रॉनांची संख्या काढायची. ही संख्या जीपीएसच्या अचूकतेशी थेट जोडलेली आहे. माझ्या मते या प्रकल्पातली सर्वांत चांगली गोष्ट पुढे होती. मोजणी जमिनीवरून करायची असल्याने ग्राउंड स्टेशन कुठेही उभारता येत होते, म्हणून मुंबईच्या विद्यार्थ्यांनी इतर अभियांत्रिकी महाविद्यालयांना स्वस्तातली ग्राउंड स्टेशन बांधायला शिकवले. एका संस्थेला मिळालेली मदत अशी अनेक ठिकाणी झिरपली.

या दोघांच्या आधीही काही उपग्रह गेले होते. अण्णा विद्यापीठाचा ४० किलोंचा ‘अनुसॅट’ २० एप्रिल २००९ रोजी गेला. भारतीय विद्यापीठात बांधलेला तो पहिला उपग्रह. कर्नाटक आणि आंध्र प्रदेशातल्या सात महाविद्यालयांनी मिळून बांधलेला, किलोहूनही हलका ‘स्टडसॅट’ जुलै २०१० मध्ये, तर आयआयटी कानपूरचा ‘जुगनू’ ऑक्टोबर २०११ मध्ये उडाला. यांतला ‘स्टडसॅट’चा नमुना मला फार महत्त्वाचा वाटतो. सात महाविद्यालयांनी एकत्र येऊन एक उपग्रह बांधणे आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांतल्या महाविद्यालयांनाही जमू शकते.

आता रोख रकमेकडे येऊ.

इस्रो विद्यापीठांना संशोधनासाठी पैसे देते ते मुख्यतः ‘रिस्पॉन्ड’ या योजनेतून. १९७० च्या दशकापासून ती चालू आहे. कोणत्या प्रश्नांवर काम हवे आहे याची विषयवार यादी इस्रो प्रसिद्ध करते. प्रणोदकांच्या रसायनापासून उपग्रहावरच्या अ‍ॅल्गोरिदमपर्यंत आणि दूरसंवेदनापासून वातावरणाच्या अभ्यासापर्यंत विषय असतात. प्राध्यापकाने त्यातला विषय निवडून प्रपोजल द्यायचे. ते संबंधित विषयाच्या इस्रो केंद्राकडे तपासणीला जाते. काही मोठ्या संस्थांत तर इस्रोचे कायमचे अवकाश तंत्रज्ञान कक्ष आहेत. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, आयआयटी मुंबई, मद्रास, कानपूर, खडगपूर या त्यांतल्या जुन्या जागा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातही इस्रोबरोबरचा असा कक्ष आहे. राज्य विद्यापीठात तो असणे ही पुण्याची मोठी जमेची बाजू, कारण आयआयटीबाहेरच्या प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना त्यामुळे एक दार उघडे राहते.

विमानांच्या बाजूचे काम वेगळ्या खिशातून चालते. १९७१ मध्ये स्थापन झालेले एअरोनॉटिक्स रिसर्च अँड डेव्हलपमेंट बोर्ड डीआरडीओच्या छत्राखाली आहे. वायुगतिकी, इंजिने, संरचना, पदार्थ अशा विषयांवर ते शिक्षणसंस्थांना अनुदान देते. आयआयटी मुंबईतले एअरोस्पेस सिस्टिम्स डिझाइनचे केंद्र याच बोर्डाच्या पाठबळाने उभे राहिले. मूलभूत विज्ञानासाठी तिसरा खिसा म्हणजे अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन. २०२३ च्या कायद्याने ते अस्तित्वात आले आणि आधीचे विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ, म्हणजे ‘सर्ब’, त्यात विलीन झाले. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये उभे करण्याचा आराखडा जाहीर झाला. त्यातले १४,००० कोटी सरकारचे आणि उरलेले मोठे वाटे उद्योग, देणगीदार व इतर स्रोतांकडून यायचे आहेत. मोठ्या संस्थेभोवती राज्य विद्यापीठांचा गट बांधून अनुदान देण्याची त्यांची एक योजना आहे. राज्य विद्यापीठांतल्या प्राध्यापकांनी तिच्यावर बारीक लक्ष ठेवायला हवे.

प्रपोजलमधले बजेटचे पान एकदा नीट वाचावे. विद्यार्थ्याचे स्थान काय, ते तिथे कळते. मनुष्यबळ, उपकरणे, खर्ची पडणारे साहित्य, प्रवास, किरकोळ, संस्थेचा ओव्हरहेड असे रकाने असतात. पीएच.डी. करणारा विद्यार्थी ‘मनुष्यबळ’ या रकान्यात बसतो. १ जानेवारी २०२३ पासून केंद्राने लागू केलेल्या दरांनुसार ज्युनिअर रिसर्च फेलोला महिना ३७,००० रुपये आणि सीनिअरला ४२,००० रुपये मिळतात, घरभाडे वेगळे. पहिली दोन वर्षे ज्युनिअर आणि तिसरे सीनिअर धरले तर एका विद्यार्थ्यावर घरभाडे वगळून तीन वर्षांत १३ लाख ९२ हजार रुपये होतात. छोट्या प्रकल्पात ही फार मोठी रक्कम आहे, आणि ती योग्यच आहे. तरुण माणसाने विमानाच्या पंखावरचा प्रवाह समजून घेण्यात तीन वर्षे घालवावीत असे वाटत असेल, तर त्याला महिन्याच्या १ तारखेची चिंता नसावी. निवडक राष्ट्रीय संस्थांसाठी २०१८ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान रिसर्च फेलोशिपमध्ये तर महिना ७०,००० ते ८०,००० रुपये आणि वर्षाला २ लाखांचे संशोधन अनुदान ठरवले होते. त्या मानाने गेट परीक्षा देऊन एम.टेक.ला आलेल्या विद्यार्थ्याचे १२,४०० रुपयांचे स्टायपेंड कित्येक वर्षे तिथेच आहे. पुणे-मुंबईत खोलीभाडे आणि मेस यातच ते संपते. एम.टेक. हीच संशोधनाची पहिली पायरी असल्याने हे दुखणे दिसते त्याहून खोल आहे.

आणि याच पानावर पदवीच्या विद्यार्थ्यासाठी रकाना नसतो. ‘स्वयम्’ आणि ‘प्रथम’ ज्यांनी सुरू केले ती पदवीचीच मुले. त्यांना कुणी फेलोशिप देत नव्हते. अशा गटांचा खर्च चालतो तो महाविद्यालयाच्या निधीवर, माजी विद्यार्थ्यांवर आणि प्रायोजकांच्या दारात घातलेल्या खेट्यांवर. ज्या महाविद्यालयाला शंभर वर्षांचा इतिहास आणि मोठ्या हुद्द्यांवर पोचलेले माजी विद्यार्थी आहेत, तिथे हे जमते. नांदेड किंवा चंद्रपूरच्या नव्या महाविद्यालयातल्या तितक्याच हुशार मुलीला मात्र सुरुवातच करता येत नाही.

मंजूर झालेले पैसे हातात येण्याचीही एक वेगळी कथा असते. रक्कम वर्षावर्षाच्या हप्त्यांनी येते. मागच्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे बोलीभाषेत ‘यूसी’, जीएफआर १२-ए या नमुन्यात सही-शिक्क्यानिशी गेल्याशिवाय पुढचा हप्ता निघत नाही. खरेदी शक्यतो सरकारी जेम पोर्टलवरून करायची. अवकाशात टिकणारा एखादा सेन्सर तिथे मिळत नाही, मग त्याची स्वतंत्र कागदपत्रे. सार्वजनिक पैशाचा हिशोब चोख हवा याबद्दल दुमत नाही. पण हप्ता उशिरा आला की फेलोचे मानधन अडते, आणि मानधन तीन-चार महिने अडले की गरीब घरातला विद्यार्थी नोकरी धरतो. संशोधनातून बाहेर पडलेला असा विद्यार्थी सहसा परत येत नाही. ज्या संस्थांचा हिशोब विभाग तत्पर असतो, तिथे आधी संस्थेच्या पैशातून मानधन देऊन नंतर वळते करून घेतात. हा साधा ठराव प्रत्येक विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेने करायला हवा.

अमेरिकेत या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहिले गेले. टेक्सासचे सिनेटर लॉइड बेंट्सन यांच्या पुढाकाराने १९८७ मध्ये स्पेस ग्रँटचा कायदा झाला आणि १९८९ मध्ये नासाने योजना सुरू केली. आज तिच्यात ५० राज्ये, राजधानी वॉशिंग्टन आणि पोर्तो रिको अशी मिळून ५२ संघटने आहेत. प्रत्येक राज्यातली विद्यापीठे आणि महाविद्यालये एकत्र येऊन आपले संघटन करतात, एक संस्था पुढारी असते आणि नासाचे पैसे त्या संघटनामार्फत फेलोशिप, इंटर्नशिप आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांना जातात. २०२३ च्या आर्थिक वर्षात या योजनेला ५ कोटी ८० लाख डॉलर मिळाले. नासाच्या एकूण खर्चापुढे ही रक्कम किरकोळ आहे. तिचे वैशिष्ट्य रकमेपेक्षा वाटपात आहे. एकही राज्य वगळायचे नाही, आणि पैशाचे पहिले काम विद्यार्थी घडवणे.

ही कल्पना अमेरिकेत जुनी आहे. १८६२ च्या कायद्याने केंद्राने राज्यांना जमिनी दिल्या आणि त्यांच्या उत्पन्नातून शेती व यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये उभी राहिली. १९६६ मध्ये समुद्रविद्येसाठी तशीच योजना आली, मग अवकाशासाठी. महाराष्ट्राला या वाटेची ओळख आहे. अमेरिकेतल्या त्या शेती महाविद्यालयांच्या धर्तीवरच भारतात १९६० मध्ये पंतनगरला पहिले कृषी विद्यापीठ झाले, आणि आपल्याकडे १९६८ मध्ये राहुरी, १९६९ मध्ये अकोला, १९७२ मध्ये परभणी आणि दापोली. प्रत्येक विभागाला त्याचे विद्यापीठ, त्याची संशोधन केंद्रे, त्याचे शेतकरी. शेतीत आपण विभागवार विचार केला. अवकाश आणि विमानविद्येत मात्र बहुतेक सगळे पुणे-मुंबईत थांबले.

स्पेस ग्रँटच्या पैशातून काय शिकवता येते याचे एक उदाहरण ‘रॉकऑन’चे. २००८ पासून कोलोरॅडो आणि व्हर्जिनिया या राज्यांची संघटने नासाच्या वॉलप्स केंद्रावर ही कार्यशाळा घेतात. देशभरातून आलेले विद्यार्थी तीन-तीनच्या गटांत बसून सुट्या भागांतून एक पेलोड जोडतात. त्यात गायगर काउंटर, तापमान, दाब आणि त्वरण मोजणारे सेन्सर, आणि त्यांची नोंद ठेवणारा छोटा संगणक असतो. आठवड्याभरात ते पेलोड खऱ्या साउंडिंग रॉकेटमधून १०० किलोमीटरच्या वर जाऊन समुद्रात उतरते आणि त्यातली माहिती विद्यार्थ्यांच्या हाती येते. आठ वर्षांचा उपग्रह नाही, एका आठवड्याचा अनुभव. पण पुढच्या उन्हाळ्यात त्यांतलेच काही गट स्वतः आखलेला प्रयोग घेऊन परत येतात. युरोपात जर्मन आणि स्वीडिश अवकाश संस्था मिळून ‘रेक्सस-बेक्सस’ चालवतात. उत्तर स्वीडनमधल्या एसरेंजहून विद्यार्थ्यांचे प्रयोग रॉकेट आणि बलूनमधून वर जातात. आपल्याकडे केरळातल्या थुंब्याला १९६३ पासून साउंडिंग रॉकेट उडतात. हैदराबादला मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे बलून केंद्र आहे, तिथून मोठमोठे बलून वातावरणाच्या वरच्या थरात जातात. दोन्ही जागी वर्षातून ठरलेला एक आठवडा फक्त विद्यार्थ्यांच्या पेलोडसाठी राखून ठेवला, तर लागणारी रक्कम इस्रोच्या बजेटमध्ये शोधावी लागेल इतकी लहान असेल.

अमेरिकेला निघालेल्या मराठी मुलांनी आणि त्यांच्या पालकांनी इथे एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. स्पेस ग्रँटच्या फेलोशिप अमेरिकन नागरिकांसाठी आहेत. परदेशी विद्यार्थ्याला तिथे एअरोस्पेसमध्ये पैसा मिळतो तो बहुधा प्राध्यापकाच्या प्रकल्पातल्या असिस्टंटशिपमधून, आणि त्यातही संरक्षणाशी जवळचे प्रकल्प निर्यात-नियंत्रणाच्या कायद्यांमुळे बंद असतात. म्हणून अर्ज करतानाच त्या प्राध्यापकाचे प्रकल्प कोणाच्या पैशावर चालतात हे पाहून घ्यावे. विद्यापीठाच्या नावापेक्षा ही माहिती अधिक उपयोगाची ठरते.

भारतात गेल्या काही वर्षांत उघडलेली सर्वांत आशादायक वाट म्हणजे ‘पोएम’. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा उपग्रह सोडून झाला की पूर्वी कचरा होऊन कक्षेत फिरत राहायचा. माल उतरवून झालेला ट्रक रिकामा उभा ठेवण्याऐवजी त्याचीच प्रयोगशाळा करावी, तसे इस्रोने केले. या टप्प्याला सोलर पॅनेल, बॅटरी, दिशा सांभाळणारी यंत्रणा आणि संदेशवहन दिले की त्यावर छोटी उपकरणे बसवून काही आठवडे-महिने प्रयोग करता येतात. २०१९ मध्ये सुरुवातीचे प्रयोग झाले, जून २०२२ मध्ये पहिला स्थिर ‘पोएम’ आला. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हे क्रांतिकारक आहे. आता पूर्ण उपग्रह बांधावा लागत नाही. वीज, दिशा, संदेशवहन ही सगळी कटकट टप्पा सांभाळतो, विद्यार्थ्यांनी फक्त आपले पेलोड बांधायचे. आठ वर्षांचे काम दीड-दोन वर्षांच्या आवाक्यात येते, म्हणजे ज्याने सुरू केले त्यालाच उड्डाण पाहायला मिळते.

१ जानेवारी २०२४ ला उडालेल्या पीएसएलव्ही-सी५८ च्या पोएमवर मुंबईच्या के. जे. सोमय्या इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे हौशी रेडिओचे पेलोड होते आणि तिरुवनंतपुरमच्या एका महिला अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलींनी बांधलेले अतिनील किरण मोजणारे पेलोडही. ३० डिसेंबर २०२४ च्या उड्डाणात पोएमवर २४ पेलोड होते, त्यांतले १० इस्रोबाहेरच्या संस्थांचे. इस्रोच्या स्वतःच्या प्रयोगात चवळीचे बी अंतराळात उगवले, तर पनवेलजवळच्या अ‍ॅमिटी विद्यापीठाने पालकाच्या पेशी वर पाठवून गुरुत्वाशिवाय त्या कशा वाढतात ते पाहिले. वनस्पतिशास्त्राच्या विभागाने अंतराळात प्रयोग करणे दहा वर्षांपूर्वी कुणाच्या मनातही आले नसते. अशा जागांसाठी अर्ज जातात ते इन-स्पेसकडे. २०२० च्या सुधारणांनंतर उभी राहिलेली ही अहमदाबादची संस्था खासगी आणि शैक्षणिक अवकाश-कामाला परवानगी आणि साह्य देते. शीतपेयाच्या डब्याएवढा उपग्रह बांधून रॉकेटने साधारण किलोमीटरभर उंच सोडायचा, अशा कॅनसॅट स्पर्धाही तिच्याकडून होतात. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी तिथूनच सुरुवात करावी. पॅराशूट उघडले नाही की काय होते, हे कमी खर्चात शिकण्याची ती उत्तम जागा आहे.

ज्या महाविद्यालयात कार्यशाळा नाही, क्लीन रूम नाही, मोठा निधी नाही, त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे, आणि तिची चर्चा फार कमी होते. सप्टेंबर २०१५ मध्ये उडालेली ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ वेधशाळा, चांद्रयान-२, आदित्य-एल१ यांनी गोळा केलेली माहिती इस्रोच्या ‘प्रदान’सारख्या पोर्टलांवर अभ्यासकांना मिळते. ती वाचायला लागते एक बरा संगणक, इंटरनेट आणि शिकवणारा माणूस. शिकवणारी माणसे पुण्यात आहेत. ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’च्या वापरकर्त्यांना मदत करणारा कक्ष आयुकात, म्हणजे तिथल्या आंतर-विद्यापीठ खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्रात, आहे, आणि सूर्याची अतिनील चित्रे घेणारी आदित्य-एल१ वरची ‘सूट’ दुर्बीणही आयुकाने बांधली. विद्यापीठांतल्या आणि महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांना आयुका सहयोगी म्हणून निवडते. त्यांचा प्रवास आणि राहणे करते, म्हणजे सुटीत येऊन तिथल्या शास्त्रज्ञांबरोबर बसता येते. डेहराडूनच्या भारतीय दूरसंवेदन संस्थेचे ऑनलाइन अभ्यासक्रम २००७ पासून देशभरच्या महाविद्यालयांत पोचतात. पावसाचे, पिकांचे, धरणांचे उपग्रहीय विश्लेषण त्यातून शिकता येते. मराठवाड्यातल्या महाविद्यालयाने स्वतःच्या तालुक्याच्या भूजलावर केलेले असे काम ‘रिस्पॉन्ड’च्या प्रपोजलचा पाया होऊ शकते, कारण प्रपोजल वाचणारा आधी हे बघतो, की या माणसाने पैसे नसताना काय केले आहे.

त्यामुळे ज्या प्राध्यापकाला पुढच्या वर्षी पहिले प्रपोजल लिहायचे आहे, त्याने फॉर्म उघडण्याआधी इस्रोची विषयांची यादी वाचावी, आपल्या हातातल्या कामाशी जुळणारा एकच प्रश्न निवडावा आणि त्या केंद्रातल्या त्या विषयाच्या शास्त्रज्ञाला आपल्या विद्यार्थ्यांनी काढलेले दोन-तीन आलेख पाठवून विचारावे, की हे तुमच्या उपयोगाचे आहे का. उत्तर यायला वेळ लागतो, पण येते. मग बजेटचे पान भरताना उपकरणांच्या यादीतली एक महाग वस्तू कमी करून तिच्या जागी विद्यार्थ्यांचा प्रवास टाकावा, म्हणजे ते स्वतः बंगळूर किंवा अहमदाबादच्या रिव्ह्यूला जाऊन त्या अभियंत्यांसमोर बसतील.